कुलूप असो; पण किल्ली कोणाकडे?

निरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकर ह्या गावी, उसाचा हंगाम चालू असताना, एका जुन्या कार्यकर्त्याच्या घरी मुक्काम पडला. संध्याकाळी पोचलो तेव्हा, आजारी जनावराभोवती घर जमावे तसे सारे घर एका संगणकाभोवती जमले होते. उसाच्या बिलातून पैसे बाजूला काढून पुण्याहून घेतलेला तो जुना, कोणीतरी वापरून विकलेला लॅपटॉप होता. थोरली मुलगी महाविद्यालयात शिकते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती; मूळ दाखले महाविद्यालयात जमा होते आणि त्यांच्या प्रती यंत्रात. दुपारी धाकट्या भावाने तर्काने पासवर्ड घालून पाहिला. एकदा, दोनदा, अनेकदा. यंत्राने आधी नकार दिला, मग थांबण्याचा हुकूम केला, मग ते बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि घरात कोणी कधी न पाहिलेली लांबलचक अंकांची किल्ली मागू लागले. पडद्यावरचा सारा मजकूर इंग्रजीत. मुलीची आई मला म्हणाली, “दादा, यंत्र आमचं, पैसं आमचं, लेकरू आमचं. मग उघडाया परवानगी कुणाची?”

किल्लीचा शोध लागला तो असा. ज्याने यंत्र विकले, त्याने ते चालू करताना स्वतःचेच खाते त्यात घातले होते आणि किल्ली त्या खात्यात जाऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलला, एकेक अंक वाचून दाखवला, आणि यंत्र उघडले. आतले काहीही गेले नव्हते. अर्जाची मुदत मात्र तोवर संपली होती.

कोणी म्हणेल, ही घरगुती गोष्ट. साप्ताहिकाच्या पानावर तिचे काय काम? पासवर्ड नीट लक्षात ठेवावा, मुलांच्या हाती यंत्र देऊ नये, म्हणजे झाले. हा उपदेश ज्यांच्या तोंडी आहे, त्यांच्या यंत्राचे दार बंद झाले की कार्यालयातला तंत्रज्ञ धावत येतो. आमचे म्हणणे असे की उभ्या राज्याचा कारभार आता पडद्यावर गेला आहे. सात-बाराचा उतारा, पीक पाहणी, पीक विमा, रेशन, निराधारांचे अनुदान, मुलांची शिष्यवृत्ती ह्या साऱ्यांचे दार लॉगिनचे आहे. मग त्या दाराबाहेर चुकून अडकलेल्या माणसाला परत आत येण्याचा मार्ग काय, हा प्रश्न खाजगी राहत नाही. तो नागरिकाच्या हक्काचा प्रश्न होतो, आणि हक्काचा प्रश्न म्हणूनच तो मांडला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. कुलपाशी आमचे वैर नाही. चार अंकी गुप्त क्रमांकाच्या शक्यता सर्व मिळून दहा हजार. माणूस त्या घालून पाहता पाहता थकेल. चोराचे यंत्र थकत नाही. म्हणून प्रयत्नांची मर्यादा घालणे हा शहाणपणाचाच उपाय आहे. विंडोज ११ ह्या प्रणालीच्या २०२२ नंतरच्या आवृत्त्यांत दहा चुका झाल्या की दहा मिनिटे दार बंद, असा मूळ नियम आहे. त्यापुढचा पहारा अधिक कडक. यंत्रातली सारी साठवण गुप्त लिपीत ठेवलेली असली, तर संशय येताच प्रणाली ४८ अंकांची किल्ली मागते, आणि त्या अंकांवाचून आतला मजकूर कोणालाही वाचता येत नाही. लॅपटॉप एस.टी.त विसरला वा चोरीस गेला, तर हाच पहारा गरिबाच्याही कागदपत्रांचे रक्षण करतो. तेव्हा कुलूप तोडा, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे.

परंतु ह्या कुलपाला एक गोष्ट कळत नाही. चोर कोण आणि विसराळू मालक कोण, हे त्याला ओळखता येत नाही. त्याच्या लेखी दोघेही सारखेच संशयित. मग मी मालक आहे हे सिद्ध करण्याचा भार येतो मालकावर. आणि पुरावे मागितले जातात ते कोणते? जुना मोबाइल क्रमांक, ई-मेलचे दुसरे खाते, आधी ओळख पटलेले दुसरे यंत्र. म्हणजे ज्याच्याकडे दुसरे यंत्र आहे, त्याचे पहिले यंत्र उघडणार! एके काळी मतदानाच्या हक्कासाठी मालमत्तेची अट असे. ती अट आपण १९५० साली संविधानाने कायमची गाडली. आज ती मागल्या दाराने, तांत्रिक सोयीचा वेष घेऊन परत आली आहे.

सोमेश्वर साखर कारखान्याच्या परिसरात दरवर्षी बीड, अहिल्यानगर इकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. सहा महिने कोप्यांत, सहा महिने गावी. त्यांच्यातल्या एकाच्या मोबाइलचे पाहा. आपल्याकडे ९० दिवस न वापरलेला प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो. पुढे किमान ९० दिवस लोटले की तो दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो. उचल फिटेतो रिचार्जला पैसा नसतो, फोन बंद पडतो, वर्षभरात क्रमांक बदलतो. पण बँकेत, आधारला, सरकारी पोर्टलवर जुनाच क्रमांक नोंदलेला. तिथून निघालेला ओटीपी जातो तो कोणा अनोळखी माणसाच्या खिशात. ज्या वर्गाचे आयुष्यच स्थलांतराचे आहे, त्याच्याकडे कायम पत्त्याचा आणि कायम क्रमांकाचा पुरावा मागणे, ही व्यवस्थेची निष्पाप चूक मानावी काय?

आणि पासवर्ड निदान बदलता तरी येतो. बोटांचे काय? आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. तेव्हापासून श्रमिकाचे शरीर हाच त्याचा पासवर्ड झाला. कोयत्याने, पाचटाने, सिमेंटने, धुण्याभांड्यांनी झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला पटला नाही, तर तोही चुकीचा प्रयत्नच ठरतो. पासवर्ड विसरलेल्याला निदान “विसरलात काय?” असे पडदा विचारतो. बोट विसरलेल्याला कोणी विचारत नाही. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आधार प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीच सांगितले की सरकारी सेवांसाठीच्या पडताळणीत यशाचे प्रमाण ८८ टक्के आहे. हा आकडा अभिमानाने सांगितला गेला. उरलेल्या बारांचे काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू ठरवण्यात आले.

बाहेर अडकण्याची किंमत किती असू शकते? सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी वारली. आधारशी जोडणी नाही म्हणून त्या कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते. आई म्हणाली, पोर भात मागत गेली. शासन म्हणाले, मलेरियाने गेली. मृत्यूच्या कारणाचा वाद शासनाने घातला. पण कार्ड रद्द झाल्यावर त्या घराला परत यादीत येण्यासाठी कोणाचे दार ठोठवायचे होते, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या वादात कोठेच नव्हते.

स्त्रियांची गोष्ट आणखी निराळी. १८ सप्टेंबर २०२५ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठी ई-केवायसी सुरू झाली. तीत लाभार्थी स्त्रीच्या आधारबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचे आधार प्रमाणीकरणही मागितले गेले. पती वारलेला, वडील वारलेले, नाहीतर नवऱ्याने टाकलेले. मग ओटीपी आणायचा कोणाकडून? ओरड झाली, मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली, अशा स्त्रियांसाठी कागदपत्रे देण्याची वेगळी वाट काढावी लागली. वाट निघाली हे चांगलेच झाले. परंतु आधी कुलूप आणि मग ओरडीनंतर किल्ली, हा क्रम कोणी ठरवला? बाईच्या हक्काची किल्ली बाप्याच्या खिशात ठेवावी, असे ज्याला सुचले त्याला ह्या समाजाची चांगलीच ओळख असली पाहिजे!

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. गुजरातमधील वाडिनार येथे नायरा एनर्जी ह्या कंपनीचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. रशियाच्या रोसनेफ्टचा तीत जवळपास निम्मा हिस्सा म्हणून युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध घातले, आणि मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. एवढ्या अवाढव्य कंपनीचे नोकर आपापल्या ई-मेलच्या दाराबाहेर उभे राहिले. त्यांचा पासवर्ड चुकला नव्हता. सेवांचे पैसेही कंपनीने भरले होते. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिना संपण्यापूर्वी दार उघडले. नायराचा कैवार घेण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु दोन धडे घेण्याजोगे आहेत. पहिला असा की किल्ली ज्याच्या हाती, तोच खरा मालक; पैसे भरणारा केवळ कूळ. दुसरा असा की मोठ्या कुळाला उच्च न्यायालय आहे. वडगाव निंबाळकरच्या मुलीला कोणते न्यायालय आहे?

‘कूळ’ हा शब्द मुद्दाम वापरला. ह्या मुलखाला बंद कागदांचा इतिहास नवा नाही. आज ह्याच बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याला, १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी शेतकरी सावकारांवर उठले. पुढे तो उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या कपाटातल्या कर्जरोख्यांवर. ते हिसकावून त्यांनी जाळले. का जाळले? कारण त्या कागदात काय लिहिले आहे हे शेतकऱ्याला वाचता येत नव्हते, किती फेडले आणि किती उरले हे सावकाराच्या वहीवाचून कळत नव्हते, आणि वही सावकाराच्या कुलपात होती. आपल्याच आयुष्याचा हिशेब आपल्यालाच बंद होता.

त्या उठावानंतर परकी सरकारलासुद्धा जाग आली. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. त्या कायद्याने गावपातळीवर दस्त नोंदवणारे निबंधक आणले, आणि सावकारावर पावती व हिशेबाचा उतारा देण्याचे बंधन घातले. तो कायदा पुरा पडला असे आम्ही म्हणत नाही. सावकारी त्याने संपली नाही. पण तत्त्व मान्य झाले. ज्याला वाचता येत नाही, त्याच्या अज्ञानाची शिक्षा त्याला होऊ नये. कागद ज्याच्या कुलपात आहे, त्यानेच उत्तर द्यावे. आणि त्यासाठी माणूस गावाजवळ बसवावा. परक्या राजवटीला जे १८७९ साली पटले, ते स्वतंत्र भारताच्या डिजिटल राजवटीला अजून पटवावे लागावे, ह्याला काय म्हणावे?

न्यायालयाला मात्र ते पटले आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्लहल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या अर्जांवर निर्णय दिला. बँकेच्या ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवा, असे सांगितले जाई. ज्यांचे डोळे आम्लाने जळाले त्यांनी काय मिटायचे? न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा संविधानाच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. दार सर्वांना उघडता आले पाहिजे, हे मान्य झाले, तर चुकून बंद झालेले दार पुन्हा उघडता आले पाहिजे, हे त्याच वाक्याचे उत्तरार्ध होय. तो उत्तरार्ध अजून कोणत्या कायद्यात स्वच्छ लिहिलेला नाही. तो लिहून घेणे हे आपले काम आहे.

आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. परत आत येणे सोपे केले तर ठगांचेच फावेल. दुसऱ्याच्या नावाने सिमकार्ड काढून खाती लुटणाऱ्या टोळ्या आज आहेतच. हे खरे आहे. म्हणूनच आमची मागणी सोप्या दाराची नाही, जबाबदार दाराची आहे. पडताळणी कडक असू द्या. पण ती करणारा माणूस समोर असू द्या, त्याला नाव आणि हुद्दा असू द्या, नकार दिला तर कारण लेखी असू द्या. तलाठी चेहरा ओळखतो, शाळेचा मुख्याध्यापक ओळखतो, पोस्टमन ओळखतो. समोरासमोर ओळख पटवण्याची ही जुनी, स्वस्त आणि खात्रीची रीत मोडीत काढून, न बोलणारे यंत्र अंतिम ठरवणे ह्यात सुरक्षितता थोडी आणि नोकरकपात फार आहे.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. त्यात सेवेची मुदत ठरते, अपील करता येते, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. सरकारी पोर्टलवरचे बंद पडलेले खाते उघडून देणे, बदललेला क्रमांक नोंदणे, न पटलेल्या ठशाला पर्याय देणे ह्या गोष्टी त्या कायद्याखाली सेवा म्हणून अधिसूचित कराव्यात. प्रत्येक तालुक्याला त्यासाठी एक नामनिर्दिष्ट अधिकारी बसवावा. वडगावच्या माणसाला पुण्याचा हेलपाटा पडता कामा नये. दार बंद असेल तितके दिवस अर्जाची मुदत थांबावी आणि रेशन वा अनुदान चालू राहावे. कुलूप शासनाचे आणि नुकसान नागरिकाचे, ही विभागणी आम्हाला मान्य नाही. पडद्यावरचा प्रत्येक नकार मराठीत असावा आणि पुढे काय करायचे हे त्यात सांगितलेले असावे. आणि यंत्र विकणाऱ्याने, नवे असो वा जुने, आपले खाते त्यातून काढून किल्लीची प्रत खरेदीदाराच्या हातात द्यावी, असे बंधन असावे. घर विकून किल्ली स्वतःकडे ठेवणाऱ्याला आपण काय म्हणतो?

मागण्या मान्य होईतो शाखांनी स्वस्थ बसू नये. काही कामे आजच करण्याजोगी आहेत. दार बंद झाले की पुन्हा पुन्हा पासवर्ड घालत बसू नका. प्रत्येक चूक प्रतीक्षा वाढवू शकते. सांगितलेला वेळ थांबा. खाते इंटरनेटशी जोडलेले असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून, पण स्वतःच्या हाताने, पासवर्ड बदलता येतो. खाते केवळ त्या यंत्रापुरते असेल तर आधी नोंदवलेले सुरक्षा-प्रश्न किंवा त्याच यंत्रावरचे दुसरे प्रशासक खाते उपयोगी पडते. ४८ अंकी किल्ली कोणत्या खात्यात आहे हे यंत्र चालू असतानाच पाहा, कागदावर उतरवा, आणि सात-बाराच्या उताऱ्याबरोबर ट्रंकेत ठेवा. यंत्राची किल्ली यंत्रातच ठेवू नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष बदलामुळे जगभरची सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली, तेव्हा बड्या बड्या कार्यालयांनाही अशा किल्ल्या शोधत फिरावे लागले. ओटीपी कोणालाही सांगू नका. दार उघडून देतो म्हणून फोन करणारा बहुधा चोरच असतो. आणि मोबाइल क्रमांक बदलला की प्रथम बँकेत आणि आधारला कळवा.

एवढे करून थांबू नये. कोणाचे दार केव्हा बंद झाले, किती दिवस राहिले, त्यात काय बुडाले, ह्याची नोंद प्रत्येक गावात वहीत ठेवावी. ऊसतोडणीच्या कोप्यांवर जाऊन ठेवावी, कारण तेथली तक्रार पोर्टलवर कधीच पोचत नाही. अशी पन्नास गावांची वही घेऊन तहसील कचेरीवर गेले, तर ही मागणी कोणाचा वैयक्तिक विसराळूपणा म्हणून उडवून लावता येणार नाही.

त्या मुलीची ह्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली ती गेली. निघताना तिने ते ४८ अंक एका वहीच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलेले दाखवले; आईने ते पान देव्हाऱ्यामागे ठेवले. पुढल्या वर्षी ती पुन्हा अर्ज करणार आहे. त्या वेळी दार बंद झाले तर कोणाकडे जायचे, हे तिला सांगता येईल असे उत्तर तोवर मिळवायचे आहे.